किनाऱ्याच्या गाळाचा हिशेब कोणी ठेवायचा?

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

भारताचा किनारा ७,५१६ किलोमीटर लांब आहे, हे आपण शाळेपासून पाठ करत आलो आहोत. १९७०च्या दशकातील मोजणीवर आधारलेला हा आकडा केंद्रीय गृह मंत्रालयाच्या २०२३-२४च्या वार्षिक अहवालात बदलला आणि थेट ११,०९८ किलोमीटरवर गेला. महाराष्ट्राचा किनाराही सुमारे ६५३ किलोमीटरवरून जवळपास ८७८ किलोमीटर झाला. ही वाढ अर्थातच जमिनीची नव्हे. पूर्वीच्या ढोबळ नकाशांवर जिथे सरळ रेघ मारली जात होती, तिथे आता खाड्यांची वळणे, नदीमुखे आणि लहानमोठे बाक बारकाईने मोजले गेले, एवढाच तिचा अर्थ. याच काळात राष्ट्रीय तटीय संशोधन केंद्राने १९९० ते २०१८ या वर्षांतील उपग्रहचित्रे तपासून सांगितले आहे की, मुख्य भूमीच्या किनाऱ्यापैकी ३३.६ टक्के भाग झिजतो आहे, सुमारे २७ टक्के भागात भर पडते आहे आणि उरलेला सुमारे ४० टक्के भाग स्थिर आहे. ज्या किनाऱ्याची लांबी आपण इतक्या काटेकोरपणे मोजली, तो ज्या वाळूचा आणि चिखलाचा बनलेला आहे, ती वाळू आणि तो चिखल कुठून येतो, किती येतो आणि कुठे जातो, याचा मात्र एकत्रित हिशेब देशातील कोणत्याही कार्यालयात ठेवला जात नाही. समुद्रातील खनिजांचे लिलाव, नवी बंदरे आणि धूपप्रतिबंधक बंधारे यांविषयीच्या बातम्या सतत येत असताना या एका उणिवेकडे आपल्या दैनिकामार्फत वाचकांचे आणि शासनाचे लक्ष वेधावे, म्हणून हे पत्र लिहीत आहे.

आज किनाऱ्याचा कारभार वाटला गेलेला आहे. मासळी मत्स्यव्यवसाय विभागाकडे, वाळू महसूल आणि खनिकर्म खात्याकडे, कांदळवने वन विभागाकडे, बंदरे केंद्राच्या बंदरे, नौवहन आणि जलमार्ग मंत्रालयाकडे आणि राज्याच्या सागरी मंडळाकडे, खारबंधारे जलसंपदा विभागाकडे आणि या सर्वांवरची परवानगी पर्यावरण खात्याकडे. प्रत्येक खाते आपापल्या उद्दिष्टांप्रमाणे काम करते आणि त्या त्या चौकटीत ते चुकीचे असतेच असे नाही. अडचण अशी की, या सगळ्या संपत्तींच्या मुळाशी असलेला गाळ कोणत्याच खात्याचा विषय नाही. नदीने आणलेली वाळू पुळण, म्हणजे वाळूचा किनारा, घडवते, बारीक चिखल खाडीत थांबून कांदळवनाला जागा करून देतो, त्या कांदळवनाच्या मुळांत कोळंबी आणि माशांची पिल्ले वाढतात आणि तीच पुढे मच्छीमाराच्या जाळ्यात येतात. साखळी एकच आहे. तिच्या प्रत्येक कडीचा हिशेब वेगळ्या फाइलीत ठेवल्यामुळे एका खात्याच्या निर्णयाचे नुकसान दुसऱ्या खात्याच्या अहवालात 'नैसर्गिक आपत्ती' म्हणून नोंदले जाते.

पुळण ही स्थिर वस्तू नाही. पावसाळ्यातील उंच लाटा तिच्यावरची वाळू ओढून नेतात आणि किनाऱ्यापासून थोड्या अंतरावर पाण्याखाली वाळूचे दांडे तयार करतात. पाऊस ओसरला की शांत लाटा तीच वाळू हळूहळू परत आणून टाकतात. आषाढात उघडे पडलेले खडक कार्तिकापर्यंत पुन्हा वाळूखाली जातात, हे किनाऱ्यावर राहणाऱ्या माणसाला नवे नाही. याशिवाय लाटा तिरक्या येत असल्यामुळे वाळू किनाऱ्याला समांतरही सरकत असते. पूर्व किनाऱ्यावर वर्षाचा हिशेब केला तर ती प्रामुख्याने उत्तरेकडे जाते, पश्चिम किनाऱ्यावर ऋतूप्रमाणे आणि जागेप्रमाणे तिची दिशा बदलते. या वाटेत आपण एखादी लांब भिंत आडवी घातली, तर भिंतीच्या एका बाजूला वाळू साचते आणि दुसऱ्या बाजूची पुळण उपाशी राहते. पुदुच्चेरीत हे सर्वांच्या डोळ्यांदेखत घडले. १९८०च्या दशकाच्या अखेरीस तिथल्या बंदरासाठी लाटारोधक भिंती उभ्या राहिल्या, दक्षिणेकडून येणारी वाळू अडली आणि शहरापुढची पुळण काही वर्षांत नाहीशी होऊन तिथे दगडांचा ढीग उरला. पुढे राष्ट्रीय सागर प्रौद्योगिकी संस्थेने पाण्याखाली पाचरीच्या आकाराचा कृत्रिम अडथळा बसवला आणि वाळूचा भराव करून पुळणीचा काही भाग परत मिळवला. म्हणजे दुरुस्ती अशक्य नाही. पण ती करण्यासाठी वाळूची वाट आधी ठाऊक असावी लागते आणि आपण ती बहुधा नुकसान झाल्यावर शोधायला निघतो.

आपल्या राज्यात धूप दिसली की त्यावर ठरलेले उत्तर म्हणजे दगडी बंधारा. ज्याच्या घराच्या ओट्याशी उधाणाचे पाणी येते, त्या माणसाने बंधारा मागणे स्वाभाविक आहे आणि त्याला दोष देण्याचा अधिकार कोणालाही नाही. परंतु लाटेचा जोर दगडावर आपटून परत फिरतो, भिंतीच्या पायथ्याची वाळू खोदली जाते आणि भिंत जिथे संपते तिथून पुढे धूप वाढते. मग शेजारच्या वाडीची मागणी येते, पुढच्या अंदाजपत्रकात आणखी काही मीटर वाढतात आणि अशा रीतीने एक एक गाव दगडाआड जाते. केरळने आपल्या किनाऱ्याचा मोठा भाग असाच दगडांनी बांधून काढला. चेल्लानमसारख्या गावात साध्या दगडांनी भागले नाही, तेव्हा काँक्रीटचे चार पायांचे ठोकळे, म्हणजे टेट्रापॉड, टाकावे लागले. त्यांनी त्या गावाला दिलासा दिला हे मान्य केलेच पाहिजे, मात्र बंधाऱ्याच्या प्रस्तावात दोन्ही बाजूंच्या पुढील काही किलोमीटरचे काय होईल, याचा अभ्यास सक्तीचा नसेल तर आपण धूप थांबवत नसून फक्त पुढे ढकलत आहोत.

मुळात वाळू कमी का पडते, याचे उत्तर बऱ्याच अंशी किनाऱ्यावर नसून घाटमाथ्यापलीकडे आहे. देशात पाच हजारांहून अधिक मोठी धरणे आहेत आणि त्यांपैकी सर्वाधिक महाराष्ट्रात आहेत. धरण पाणी अडवते तसा गाळही अडवते. कृष्णा आणि गोदावरी या महाराष्ट्रात उगम पावणाऱ्या नद्यांच्या त्रिभुज प्रदेशांपर्यंत पोहोचणारा गाळ गेल्या काही दशकांत कितीतरी पटींनी घटला आहे. आंध्र प्रदेशात काकीनाड्याजवळचे उप्पाडा गाव समुद्रात जात असल्याची छायाचित्रे आपण पाहतो, तेव्हा त्या चित्राचा एक धागा आपल्या धरणांच्या तळाशी साचलेल्या गाळापर्यंत येतो. धरणे नकोत असे माझे म्हणणे नाही. दुष्काळी तालुक्यांतील माणसापुढे ते बोलण्याचे धाडस कोणी करू नये. पण राज्याच्या योजनेत 'गाळमुक्त धरण' म्हणताना धरणाच्या साठवणक्षमतेचा आणि शेतात पसरायच्या मातीचा विचार होतो, नदीच्या मुखाशी असलेल्या किनाऱ्याचा होत नाही, हेही तितकेच खरे आहे.

कोकणातील नद्या आखूड आहेत, त्यांचा गाळ थेट खाड्यांत येतो आणि तिथे त्याची वाट पाहणारे ड्रेजर आणि सक्शन पंप असतात. हातपाटीने वाळू काढणारा डुबी मारून घमेलेभर वाळू वर आणतो, तेव्हा त्याचे शरीरच उपशाला मर्यादा घालते. सक्शन पंपाला तशी मर्यादा नाही. तो तळ खरवडतो, खाडीचे पात्र खोल करतो, काठ ढासळतात आणि भरतीचे खारे पाणी पूर्वी कधी गेले नाही इतके आत शिरते. त्यानंतर काठावरच्या विहिरींचे पाणी मचूळ होते आणि बाया हंडा घेऊन वरच्या वाडीकडे जाऊ लागतात. राज्याने २०२५ मध्ये कृत्रिम वाळूचा वापर वाढवण्याचे धोरण जाहीर केले, ही योग्य दिशा आहे. मात्र खाडीच्या वाळूचे गट ठरवताना 'किती वाळू उपलब्ध आहे' एवढेच पाहिले जाते. 'दरवर्षी किती नव्याने येते' हा प्रश्न विचारला गेला, तर बहुतेक गटांचे उत्तर वेगळे निघेल अशी माझी खात्री आहे.

या साऱ्याचा परिणाम जवळून पाहायचा असेल, तर रायगड जिल्ह्यातील अलिबाग, पेण, उरण भागातील खारजमिनीवर जावे. समुद्राच्या भरतीरेषेपेक्षा खाली असलेली ही भातशेती मातीच्या बांधांनी राखलेली आहे. कैक पिढ्या गावकरीच हे बांध सांभाळत. उधाणाच्या आधी सारा गाव जमून खाडीतलाच चिखल बांधावर चढवी आणि बांधाला खांड पडली तर रात्रीतून ती बुजवली जाई, कारण एका खांडीतून शिरलेले पाणी साऱ्यांचेच शेत नासवत असे. १९७९च्या खारजमीन विकास अधिनियमानंतर ही जबाबदारी प्रामुख्याने शासनाकडे आली. त्यामागचा हेतू चांगला होता, पण निधी वेळेवर येत नाही, दुरुस्तीची निविदा निघेपर्यंत दोन-चार मोठी उधाणे होऊन जातात आणि तोवर पडलेली खांड रुंदावलेली असते. खारे पाणी शेतात शिरले की पहिल्या वर्षी पीक जाते, दुसऱ्या वर्षी मातीवर पांढरट थर दिसू लागतो आणि त्यानंतर भरतीच्या पाण्यासोबत आलेली तिवराची, म्हणजे कांदळवनातील झाडांची, बीजे त्या ओल्या चिखलात रुजतात. काही वर्षांत सातबाऱ्यावर भातशेती आणि प्रत्यक्षात कांदळवन, अशी जमीन शेतकऱ्याच्या पदरात उरते.

इथे एक नाजूक गोष्ट स्पष्टपणे लिहायला हवी. मुंबई उच्च न्यायालयाने २००५ मध्ये राज्यातील कांदळवनांच्या तोडीला प्रतिबंध केला आणि सप्टेंबर २०१८ मध्ये कांदळवनांचा नाश हा घटनेच्या अनुच्छेद २१ने दिलेल्या जगण्याच्या हक्काचा भंग असल्याचे स्पष्ट केले. हे निर्णय नसते तर मुंबई आणि ठाण्याच्या खाड्यांतील तिवरांचे काय झाले असते, याची कल्पना करवत नाही. राज्याने २०१२ मध्ये स्वतंत्र कांदळवन कक्ष स्थापन केला आणि त्याच्या कामाचे फळही दिसते आहे. २०२३च्या वनस्थिती अहवालानुसार देशातील कांदळवन क्षेत्र ४,९९२ चौरस किलोमीटर असून ते आधीच्या अहवालापेक्षा सात चौरस किलोमीटरने घटले, तरी महाराष्ट्रात मात्र बारा चौरस किलोमीटरहून अधिक वाढ झाली. या वाढीचे मला मनापासून समाधान आहे. पण या वाढीत जिथे बांध फुटल्यामुळे बुडालेली भातशेती असेल, तिथे कांदळवन वाढले म्हणून वन विभागाने आनंद मानायचा आणि शेत गेले म्हणून शेतकऱ्याने एकट्याने सोसायचे, हा न्याय नव्हे. तिवर तोडू नये हे योग्यच आहे. मग ज्याच्या मालकीच्या जमिनीवर ते सर्वांच्या रक्षणासाठी उभे राहिले, त्याला रीतसर मोबदला देणे हे शासनाचे काम आहे. हा मोबदला मिळत नाही, म्हणूनच किनाऱ्यावर कांदळवनाला शत्रू मानणारी माणसे तयार होतात, आणि मग जमीन हवी असलेल्या मोठ्या मंडळींना त्या रागाचा आयता आधार मिळतो.

मासळीकडे वळतो. केंद्रीय सागरी मत्स्यसंशोधन संस्थेच्या नोंदींप्रमाणे केरळात २०१२ मध्ये जवळपास ३.९ लाख टन तारली (सार्डिन) उतरली होती. २०२१ मध्ये हाच आकडा ३,२९७ टनांवर आला. समुद्राच्या तापमानातील आणि प्रवाहांतील बदल हे त्यामागचे मोठे कारण होते, पण पूर्ण वाढ न झालेल्या तारलीची बेसुमार पकड हेही कारण संशोधकांनी सांगितले. पुढे तारली पुन्हा दिसू लागली. माशाला संधी दिली तर तो सावरतो, हे त्यातून कळते. महाराष्ट्रात २०१९ मध्ये सागरी उत्पादन २.०१ लाख टनांपर्यंत घसरले आणि ते त्याआधीच्या ४५ वर्षांतील सर्वांत कमी ठरले. त्या वर्षी अरबी समुद्रातील लागोपाठच्या वादळांमुळे नौका कितीतरी दिवस बंदरातच होत्या हे खरे, पण वादळे हीसुद्धा आता नित्याची झाली आहेत. २०१७ मध्ये ओखी, २०२० मध्ये निसर्ग, २०२१ मध्ये तौक्ते. निसर्ग वादळाने श्रीवर्धन, मुरूड, दापोलीच्या नारळी-पोफळीच्या बागा आडव्या केल्या आणि नारळाचे झाड पुन्हा फळाला येण्यास किती वर्षे लागतात हे बागायतदाराला विचारावे.

कायद्यांची उणीव आहे असेही नाही. राज्याचा सागरी मासेमारी नियमन अधिनियम १९८१चा आहे. माशांचा अख्खा थवा वेढून पकडणाऱ्या पर्ससीन जाळ्यांवर राज्याने २०१६ मध्ये निर्बंध घातले, एलईडी दिवे लावून मासे गोळा करण्यावर केंद्राने २०१७ मध्ये बंदी घातली, २०२१च्या सुधारणेने दंड लाखांच्या घरात नेला आणि २०२३ मध्ये ५४ प्रजातींसाठी पकडण्यायोग्य किमान आकारमान ठरवून दिले. त्याच वर्षी पापलेटला राज्यमाशाचा मान मिळाला. एवढे सगळे असूनही रात्री किनाऱ्यावरून पाहिले, तर दूर समुद्रात दिव्यांचा लखलखाट दिसतो आणि सकाळी बंदरावर उतरलेल्या टोपल्यांत तळहातापेक्षा लहान पापलेटांचा ढीग दिसतो. ज्या माशाने अजून एकदाही अंडी घातलेली नाहीत, तो किलोच्या भावाने विकला जातो, आणि जो खाण्यासाठीही विकला जाण्याइतका मोठा नसतो तो भुकटीच्या कारखान्याकडे रवाना होतो. तिथून त्याचे कोंबड्यांचे आणि कोळंबीचे खाद्य बनते. डोल जाळे लावणारा किंवा किनाऱ्यावरून रापणीचे जाळे ओढणारा पारंपरिक मच्छीमार गस्तीनौका वाढवा, गस्त रात्री घाला, परराज्यांतील हायस्पीड ट्रॉलर अडवा, असे वर्षानुवर्षे सांगत आहे. त्याची मागणी नव्या कायद्याची नसून असलेल्या कायद्याच्या अंमलबजावणीची आहे.

मासळी आणि गाळ यांचा संबंध पालघरच्या समुद्रात जितका स्पष्ट दिसतो तितका क्वचितच कुठे दिसत असेल. खंभातच्या आखातालगतचा हा समुद्र गढूळ आहे, भरती-ओहोटीचा वेग मोठा आहे, आणि बोंबील, जवळा, मांदेली ही मासळी त्या गढूळ, वेगवान पाण्यातच वाढते. डोल जाळे ओढावे लागत नाही. ते प्रवाहात खुंट्यांना बांधून ठेवतात आणि प्रवाहच त्यात मासे आणून घालतो. याचा अर्थ असा की, प्रवाह बदलला तर जाळे तेच, माणूस तोच, समुद्रही तोच असला, तरी व्यवसाय संपतो. डहाणू तालुका १९९१ मध्ये पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील म्हणून जाहीर झाला आणि १९९८ मध्ये डहाणू तालुका पर्यावरण संरक्षण प्राधिकरणाने तिथल्या वाढवण बंदराला परवानगी नाकारली होती. २०२३ मध्ये त्याच प्राधिकरणाने संमती दिली, २०२४ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने ७६,२२० कोटी रुपयांच्या वाढवण बंदराला मंजुरी दिली आणि आता तिथे १,४४८ हेक्टर समुद्रात भराव घातला जाणार आहे. बंदर हवे की नको या वादाची दोन्ही बाजूंची कागदपत्रे उपलब्ध आहेत. मला विचारायचे आहे ते एवढेच की, इतका मोठा भराव आणि लांब लाटारोधक भिंत झाल्यावर तिथला गाळ पुढील वीस-पंचवीस वर्षे कुठे बसेल आणि कुठून उचलला जाईल, याची मोजणी सतत करून ती दरवर्षी जनतेपुढे ठेवण्याची जबाबदारी कोणाची? ती बंदर बांधणाऱ्या संस्थेचीच असेल तर ती पुरेशी नाही.

समुद्रतळाच्या लिलावाचा प्रश्न याच्याशीच जोडलेला आहे. अपतटीय क्षेत्र खनिज कायद्यात २०२३ मध्ये दुरुस्ती झाली आणि २८ नोव्हेंबर २०२४ रोजी केंद्राने पहिल्या १३ गटांचा लिलाव जाहीर केला. त्यांत केरळच्या कोल्लमसमोर बांधकामाच्या वाळूचे तीन गट, गुजरातच्या पोरबंदरसमोर चुनखडीयुक्त चिखलाचे तीन गट आणि ग्रेट निकोबारलगत बहुधातू गोळे व कवचांचे सात गट आहेत. हे गट किनाऱ्यापासून १२ सागरी मैलांपलीकडे असल्यामुळे त्यांचा पुळणीशी थेट संबंध नाही असा युक्तिवाद केला जातो आणि केवळ पुळणीपुरता तो बराचसा मान्य करता येईल. परंतु कोल्लमसमोरचा समुद्रतळाचा उंचवटा हा मासेमारीच्या सर्वांत समृद्ध क्षेत्रांपैकी एक आहे. तिथे तळ उपसला की उठणारा गढूळपणा दूरवर पसरतो, तळावरचे लहान जीव नष्ट होतात आणि त्यांवर जगणारे मासे निघून जातात. फेब्रुवारी २०२५ मध्ये केरळच्या मच्छीमारांनी बंद पाळला आणि मार्चमध्ये तिथल्या विधानसभेने या खाणकामाविरुद्ध ठराव केला. या पद्धतीत उत्पन्न केंद्राकडे जाते आणि नुकसान किनाऱ्यावरच्या राज्याला व मच्छीमाराला सोसावे लागते, हा त्यांचा आक्षेप मला रास्त वाटतो. आज केरळसमोरच्या वाळूचा लिलाव होत असेल तर उद्या तो रत्नागिरी-सिंधुदुर्गसमोरही होऊ शकतो, हे आपल्या लोकप्रतिनिधींनी आत्ताच लक्षात घ्यावे.

ग्रेट निकोबारविषयी एकच गोष्ट नोंदवतो. २००४च्या भूकंपात या बेटाचे दक्षिण टोक चार मीटरांहून अधिक खचले आणि इंदिरा पॉइंटच्या दीपगृहाचा पायथा पाण्यात गेला. ज्या जमिनीने एका दिवसात एवढी उंची गमावली, तिथे १३० चौरस किलोमीटर जंगल वळते करून आणि अजस्र चर्मकासवांच्या गालाथिया उपसागरात बंदर बांधून आपण कोणत्या पायावर किती वर्षांची गुंतवणूक करत आहोत, हे शांतपणे तपासले जायला हवे होते.

प्रदूषणाबद्दल फार लिहीत नाही, कारण त्यावर आपल्या दैनिकात वारंवार लिहिले जाते. देशातील शहरांत रोज सुमारे ७२ हजार दशलक्ष लिटर सांडपाणी तयार होते आणि त्यातील प्रत्यक्ष प्रक्रिया होते ती जेमतेम २० हजार दशलक्ष लिटरवर, असे केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाचाच २०२१चा अहवाल सांगतो. उरलेले कुठल्या ना कुठल्या नदीतून खाडीत येते. त्यातच २५ मे २०२५ रोजी कोचीजवळ एमएससी एल्सा-३ हे जहाज ६४० कंटेनरसह बुडाले आणि त्यातील प्लास्टिकचे बारीक दाणे कित्येक किलोमीटर पुळणीवर पसरले. असे दाणे वाळूत मिसळले की ते वेचून काढणे जवळजवळ अशक्य असते.

किनाऱ्याच्या संरक्षणाचा कायदा कसा बदलत गेला हेही पाहण्यासारखे आहे. नोव्हेंबर १९८१ मध्ये तत्कालीन पंतप्रधान इंदिरा गांधी यांनी किनारी राज्यांच्या मुख्यमंत्र्यांना पत्र लिहून भरतीरेषेपासून ५०० मीटरपर्यंतचा पट्टा मोकळा ठेवण्यास सांगितले. त्यातून पुढे १९ फेब्रुवारी १९९१ची किनारी नियमन क्षेत्राची अधिसूचना आली. २०११ मध्ये ती बदलली आणि २०१९ मध्ये पुन्हा बदलली. दाट वस्तीच्या ग्रामीण भागांत बांधकामाला मनाई असलेला २०० मीटरचा पट्टा ५० मीटरवर आला. कोळीवाड्यांतील घरांच्या दुरुस्तीला वर्षानुवर्षे अडवणूक होत होती आणि त्यांना सवलत हवीच होती, पण त्या सवलतीच्या दारातून हॉटेले आणि गृहप्रकल्पही आत आले. मला सर्वांत गंभीर वाटते ती निराळीच बाब. धूप, वादळी लाटा आणि समुद्रपातळीतील वाढ लक्षात घेऊन भारतीय सर्वेक्षण विभागाने देशभराच्या किनाऱ्यासाठी धोकारेषा आखली, पण २०१९च्या अधिसूचनेत ती केवळ आपत्ती व्यवस्थापनाच्या नियोजनासाठी वापरायची असे ठरले. बांधकामाची परवानगी देताना ती बंधनकारक नाही. म्हणजे पाणी कुठवर येणार याचा अंदाज शासनाकडे आहे, आणि त्या रेषेच्या आत घर बांधणाऱ्या किंवा सदनिका विकत घेणाऱ्या माणसाला तो सांगण्याचे बंधन कोणावरही नाही.

ज्यांची गावे गेलीच, त्यांचे काय, हा प्रश्नही आपण टाळतो. ओडिशातील सातभाया हा गावांचा समूह समुद्राने गिळला आणि तिथल्या कुटुंबांना बागापाटिया येथे वसवण्यात आले. घराची जागा मिळाली, पण शेती आणि समुद्र दोन्ही मागे राहिले. पंधराव्या वित्त आयोगाने २०२१ ते २०२६ या काळासाठी धूप रोखण्याकरिता १,५०० कोटी आणि धुपेने विस्थापित झालेल्यांच्या पुनर्वसनासाठी १,००० कोटी रुपयांची तरतूद सुचवली होती. धुपेमुळे होणारे विस्थापन राष्ट्रीय पातळीवर मान्य झाले, हे त्या शिफारशीचे महत्त्व आहे. महाराष्ट्राने त्या तरतुदीतून किती प्रस्ताव पाठवले आणि किती मंजूर झाले, हे सभागृहात विचारले गेले पाहिजे.

माझ्या मागण्या फार मोठ्या नाहीत. वाळू जिल्ह्याची हद्द पाहून थांबत नाही, म्हणून किनाऱ्याचे नैसर्गिक विभाग पाडून प्रत्येक विभागात नदीतून किती गाळ येतो, धरणांत किती अडतो, खाडीतून किती उपसला जातो, बंदरे किती गाळ काढून खोल समुद्रात टाकतात आणि पुळण किती वाढते वा घटते, याचा एकच वार्षिक ताळेबंद राज्याने प्रसिद्ध करावा. त्यासाठी लागणारी मोजमापे वेगवेगळ्या खात्यांत बऱ्याच अंशी आधीपासून होतात. ती एकत्र आणणारी जबाबदार यंत्रणा तेवढी नेमायची आहे. बंदराच्या मार्गिकेतून उपसलेली स्वच्छ वाळू समुद्रात फेकून न देता जिथली पुळण उपाशी आहे तिथे टाकण्याची अट प्रत्येक बंदराला घालावी. विशाखापट्टणमच्या बंदरातून निघणारी वाळू तिथल्या रामकृष्ण बीचवर टाकली जाते, तेव्हा ही गोष्ट आपल्याकडे नवी नाही. खारबंधाऱ्यांच्या दुरुस्तीचा ठरावीक निधी उधाणाच्या आधी थेट गावाच्या समितीकडे द्यावा आणि त्याचा हिशेब ग्रामसभेत मांडला जावा. ज्या खासगी शेतजमिनीवर कांदळवन आले आहे, तिच्या मालकाला दरवर्षी मोबदला द्यावा. आणि धोकारेषेचे नकाशे मराठीत, गट क्रमांकांसह, किनाऱ्यावरील प्रत्येक ग्रामपंचायतीच्या फलकावर लावावेत, तसेच खरेदीखताच्या वेळी ती जमीन रेषेच्या आत आहे की बाहेर हे नमूद करणे बंधनकारक करावे.

राज्याचा पहिला ताळेबंद प्रसिद्ध होईपर्यंत महाराष्ट्रासमोरील समुद्रतळाच्या वाळूचा कोणताही गट लिलावासाठी सुचवला जाणार नाही आणि परिणामांचा अभ्यास न करता एकही नवा धूपप्रतिबंधक बंधारा मंजूर होणार नाही, असे लेखी आश्वासन शासनाने विधिमंडळाच्या येत्या अधिवेशनात द्यावे, अशी माझी विनंती आहे. किनारपट्टीच्या सर्व आमदारांनी, पक्ष कोणताही असो, ते मागून घ्यावे.

कळावे,
आपला नम्र,
किनारपट्टीवरील एक वाचक